आधी गाणं पुरतं वाच

चि. मनू हिस,


महाराष्ट्र दिनाच्या गाण्यांच्या कार्यक्रमाचं निवेदन वाचनालयाने तुझ्याकडे सोपवलं, हे दादाने फोनवर सांगितलं आणि पाठोपाठ तुझा निरोप आला. यादीही पाहिली. प्रत्येक गाण्याआधी तुला दोन मिनिटं मिळणार, त्यात गाण्याचा अर्थ सांगायचा, आणि तो चुकू नये म्हणून काय करू, असं तू विचारलं आहेस. हा प्रश्न पडला याचाच मला आनंद झाला. फोनवर दोन वाक्यांत याचं उत्तर देता येणार नाही, म्हणून सविस्तर लिहिते आहे.

निवेदकाच्या शब्दावर लोक विश्वास ठेवतात. माइकवरून सांगितलेली गोष्ट सभागृहातल्या प्रत्येकाबरोबर घरी जाते आणि पुढे कित्येक वर्षं ‘त्या गाण्याचा अर्थ असा आहे’ म्हणून सांगितली जाते. म्हणून माझं मुख्य म्हणणं आधीच लिहिते. गाण्याचा अर्थ सांगणं म्हणजे एक दावा करणं, आणि दाव्याला पुरावा लागतो. तो आधी गाण्याच्या शब्दांत शोधायचा. मग हे कोण म्हणतंय, कुणाला म्हणतंय आणि केव्हा, हे पाहायचं. गाण्यामागचे किस्से सगळ्यांत शेवटी. तुझ्या यादीतलीच गाणी घेऊन हे दाखवते.

पहिलं गाणं गीतरामायणातलं आहे, चित्रकूटावर राम भरताची समजूत घालतो ते. दुःखाच्या प्रसंगी हे गाणं हमखास लावतात, त्यामुळे माणूस दैवापुढे हतबल आहे हे कवी गदिमांचं तत्त्वज्ञान, असा त्याचा अर्थ सर्रास सांगितला जातो. पण गाण्यात बोलतोय कोण? राम. ऐकतोय कोण? भरत. आजोळहून परतलेल्या भरताला वडील गेल्याचं कळलं, भाऊ वनात गेल्याचं कळलं आणि हे सगळं आपल्या आईमुळे झालं हेही कळलं. तो अपराधी मनाने रामाला परत न्यायला आला आहे. रामाला दोन गोष्टी करायच्या आहेत. भरताच्या मनावरचं ओझं उतरवायचं आहे आणि परत येण्याला ठाम नकारही द्यायचा आहे. म्हणून तो सुरुवातीलाच कुणाचाही दोष नसल्याचं सांगतो, कैकेयीलाही मोकळं करतो. माणसाच्या परस्वाधीनतेबद्दल तो जे बोलतो ते दुखावलेल्या भावाचं सांत्वन आहे. आणि तोच राम त्याच गाण्यात पित्याचं वचन पुरं करण्याचा आपला निर्धार रेसभरही ढळू देत नाही. नशिबावर हवाला ठेवून बसलेल्या माणसाचं हे बोलणं नव्हे.

याच्या आणखी आत जाता येतं. गीतरामायणाची सुरुवात कुश आणि लव रामासमोर गातात तिथून होते. म्हणजे चित्रकूटावर आपण भावाला जे सांगितलं होतं, तेच शब्द राम आता राजसिंहासनावर बसून दोन अनोळखी मुलांच्या तोंडून ऐकतो आहे. सीता वनात आहे आणि समोर गाणारी मुलं आपलीच आहेत हे त्याला ठाऊक नाही. वियोग अटळ असतो हे सांगणारा राम आता स्वतःच तो भोगतो आहे. हे एवढं तू सांगितलंस तर अनेकदा ऐकलेलं गाणंही लोक नव्याने ऐकतील. १ एप्रिल १९५५ ला, रामनवमीला, आकाशवाणी पुणे केंद्रावरून गीतरामायण सुरू झालं, ते वर्षभर चाललं, ५६ गाणी झाली, ही माहिती एका वाक्यात सांग. जवळजवळ प्रत्येक गाण्याला बोलणारं पात्र आहे. दशरथ, कौसल्या, भरत, सीता, प्रत्येकाचं दुःख वेगळं आणि त्यामुळे प्रत्येकाची भाषाही वेगळी. पात्राच्या तोंडचं वाक्य कवीचं मत म्हणून सांगू नकोस. ही पहिली गोष्ट.

दुसरी गोष्ट काळाची. तुझ्या यादीत सावरकरांचं सागराला उद्देशून असलेलं गाणं आहे. हे त्यांनी अंदमानात लिहिलं असं सांगणारे खूप भेटतात. मार्सेलच्या बंदरात त्यांनी बोटीतून मारलेल्या उडीशीही ते जोडतात. समुद्र, देशभक्त आणि कैद हे तिन्ही एकत्र आले की मन आपोआप गोष्ट जुळवतं. पण हे काव्य १९०९ चं, इंग्लंडमधल्या ब्रायटनच्या किनाऱ्यावरचं. मार्सेलची उडी जुलै १९१० ची, आणि अंदमान त्याच्याही नंतर, १९११ मध्ये. गाणं लिहिलं तेव्हा सावरकर कैदी नव्हते. पण त्याच वर्षी नाशिकला थोरल्या भावाला, बाबारावांना, जन्मठेप झाली होती. लंडनमध्ये मदनलाल धिंग्रांनी कर्झन वायलीला गोळ्या घातल्या आणि ऑगस्टमध्ये ते फाशी गेले. परतीची वाट बंद होत चालल्याचं दिसत होतं. अजून मोकळ्या असलेल्या, पण घरी जाऊ न शकणाऱ्या माणसाची ही तळमळ आहे. तारीख नीट लावली की अर्थ असा बदलतो.

मग शब्दांकडे ये. या गाण्याला बहुतेक जण विरहगीत म्हणून थांबतात. मला ते एका खटल्यासारखं वाटतं. कवी सागराला सांगतो की तूच मला परदेश पाहायला चल म्हणालास, लवकर परत आणीन असं वचन देऊन आईची समजूत काढलीस आणि आता फेसाळत हसतोस. पुढे तर तो सागरावर इंग्लंडला घाबरल्याचा आरोप करतो. आणि शेवटी धमकी देतो, तिथे अगस्ती ऋषींचं नाव येतं. अगस्तींनी समुद्र एका आचमनात पिऊन टाकल्याची कथा ज्याला ठाऊक नाही, त्याच्या हातून हा शेवट निसटतो. तुझ्या श्रोत्यांत तुझ्या वयाची मुलंही असणार. त्यांच्यासाठी ही कथा एका वाक्यात सांगितलीस तर तुझं काम झालं. रडवेल्या सुरात सुरू झालेलं गाणं कुठे पोचतं, ते त्यांचं त्यांना ऐकू येईल.

तिसरी गोष्ट सगळ्यांत महत्त्वाची. गाणं शेवटपर्यंत वाच. अण्णाभाऊ साठ्यांची मैनेवरची छक्कड तू घेतली आहेस, त्याबद्दल तुझं कौतुक. गावाकडे राहिलेल्या बायकोच्या आठवणीने कासावीस झालेल्या नवऱ्याचं गाणं, अशी तिची ओळख करून देतात. मैनेचं रूप, निघतानाचं तिचं रडणं, मुंबईत पोट भरायला आलेल्या माणसाचे हाल, हे सगळं त्यात आहेच. पण कार्यक्रमात पहिली काही कडवी गाऊन थांबण्याची पद्धत पडली आहे, आणि गाण्याचा खुलासा तर शेवटाकडे आहे. तिथे शाहीर स्वतःच सांगतो की माझ्या मैनेची जी गत झाली तीच खंडित महाराष्ट्राची झाली आहे. बेळगाव, कारवार, डांग, उंबरगाव ही नावं येतात. हे संयुक्त महाराष्ट्राच्या लढ्याचं गाणं आहे. तुटलेला मुलूख म्हणजे मैना.

मात्र इथेही घाई करू नकोस. ‘वरवर बायको, खरं तर महाराष्ट्र’ असं सांगून मोकळी झालीस तर अर्ध्या गाण्यावर अन्याय होईल. गाव सोडून गिरणीत आलेला, बायको-मुलांना मागे ठेवून खोलीत दहा-वीस जणांत पथारी टाकणारा कामगार मुंबईत खरोखरच होता. तोच या शाहिरांचा श्रोता होता. अण्णाभाऊ, अमर शेख आणि द. ना. गवाणकर यांचं लाल बावटा कलापथक त्याच्यासमोर कार्यक्रम करत होतं. सीमेचा प्रश्न त्या माणसाला नकाशा दाखवून कळला नसता. स्वतःच्या घरच्या ताटातुटीवरून तो काळजाला भिडला. म्हणजे दोन्ही अर्थ खरे आहेत, आणि पहिला पुरता खरा आहे म्हणूनच दुसऱ्याला धार आली आहे. तुमचा कार्यक्रम १ मे रोजी आहे. १९६० साली याच दिवशी महाराष्ट्र झाला, तेव्हा बेळगाव आणि कारवार म्हैसूर राज्यात राहिली, डांग आणि उंबरगाव गुजरातेत गेली. ही गोष्ट त्या दिवशी व्यासपीठावरून सांगणं हा त्या गाण्याचा हक्क आहे. गायकाला आग्रह कर की शेवटचं कडवं गाळू नकोस. वेळ कमी असेल तर तुझ्या निवेदनातली वाक्यं काप.

शेवटपर्यंत वाचण्याचं दुसरं उदाहरण तुझ्या यादीच्या शेवटी आहे. भैरवी म्हणून तू सोयराबाईंचा अभंग ठेवला आहेस. किशोरीताई आमोणकरांच्या आवाजामुळे तो घराघरांत पोचला. भक्त आणि देव एकरूप झाले, मी-तूपण उरलं नाही, हा त्याचा अर्थ सगळे सांगतात आणि तो बरोबरच आहे. पण हे म्हणणारी कोण, ते फार थोडे सांगतात. चौदाव्या शतकातली ही बाई संत चोखामेळ्यांची पत्नी. ज्या पांडुरंगाला पाहून भेद उरला नाही असं ती म्हणते, त्याच्या देवळात तिच्या जातीला पाऊल टाकायची मुभा नव्हती. चोखोबांची समाधीही महाद्वाराशी, नामदेव पायरीजवळ, बाहेरच आहे. अभंगाच्या शेवटच्या चरणात ती स्वतःची ओळख नवऱ्याच्या नावाने आणि आपल्या जातीच्या नावाने देते. ‘भेद नाही’ हे वेदान्तातलं विधान म्हणून कुणी ऐकेल, पण ज्यांना रोज भेद सोसावा लागला त्यांच्या तोंडी ते निराळ्या बळाने येतं. ते मंदिर अस्पृश्य मानलेल्यांना खुलं झालं १९४७ च्या मे महिन्यात, साने गुरुजींच्या उपोषणानंतर. मधे सहाशेच्या वर वर्षं गेली. मनू, अभंगाआधी सोयराबाईंचं नाव स्पष्ट घे. नुसतं ‘एका संतांचा अभंग’ असं म्हणू नकोस.

आता जरा वेगळ्या प्रकारचं गाणं. शान्ताबाई शेळक्यांचं चैत्रातल्या चांदण्या रात्रीचं भावगीत, बाबूजींनी, म्हणजे सुधीर फडक्यांनी, स्वरबद्ध केलेलं आणि गायलेलं. याचं बीज एका जुन्या संस्कृत श्लोकात आहे. शीलाभट्टारिका या कवयित्रीच्या नावावर तो सांगितला जातो आणि मम्मटाच्या काव्यप्रकाशातही तो आला आहे. ही माहिती मिळाली की निवेदक ‘हे गाणं म्हणजे त्या श्लोकाचा अनुवाद’ म्हणून पुढे जातात. दोन्ही शेजारी ठेवून वाच, फरक दिसेल. श्लोकात बोलणारी स्त्री आहे. तोच प्रियकर आता नवरा झाला आहे, त्याच चैत्राच्या रात्री आहेत, तोच फुलांचा गंध आहे, तरी तिचं मन रेवेच्या काठी, वेतांच्या जाळीत, चोरून भेटण्याच्या दिवसांकडे धावतं. तिची ओढ जिवंत आहे. मराठी गाण्यात बोलणारा पुरुष आहे. चंद्र, रात्र, जवळची प्रिया, सगळं तसंच आहे आणि ओढच संपली आहे. एकीला गेलेले दिवस पुन्हा हवे आहेत. दुसऱ्याला ते हवेसे वाटणंही परत येत नाही. शान्ताबाईंनी श्लोकातली मांडणी घेतली आणि दुःख स्वतःचं लिहिलं.

हाच श्लोक पुढे कुठे गेला तेही तुला माहीत असावं. जगन्नाथपुरीला रथयात्रेत चैतन्य महाप्रभू हा श्लोक म्हणत नाचत असत, असं चैतन्यचरितामृतात आहे. इतक्या उघड शृंगाराचा श्लोक संन्याशाच्या तोंडी का, हे पुष्कळांना उमगलं नाही. रूप गोस्वामींना उमगलं. कुरुक्षेत्रावर कृष्ण भेटूनही राधेला वृंदावनाची ओढ लागते, असा जोडश्लोक त्यांनी लिहिला. एकच रचना एका काळी संसारी स्त्रीची, दुसऱ्या काळी राधेची, तिसऱ्या काळी मराठी भावगीताची झाली. यावरून कुणी म्हणेल की मग अर्थ कसाही लावा, चालतो. मी उलटा निष्कर्ष काढते. रूप गोस्वामींनी श्लोकातली एकही गोष्ट मोडली नाही. तोच प्रियकर, नवं ठिकाण आणि जुन्या जागेची ओढ, हे सगळं त्यांच्या अर्थातही जागच्या जागी बसतं. नवा अर्थ लावायला बंदी नाही. फक्त तो मूळ शब्दांच्या आधाराने उभा राहिला पाहिजे.

ही कसोटी ग्रेस यांच्या गाण्याला लाव, कारण तिथेच पाय घसरण्याची भीती जास्त आहे. पावसातल्या निरोपाची त्यांची कविता ‘निवडुंग’ या १९८९ च्या चित्रपटात हृदयनाथ मंगेशकरांनी गायली आणि सर्वतोमुखी झाली. चित्रपटामुळे लोकांनी ती सोडून गेलेल्या प्रेयसीची मानली. मग मोबाईलवर लांबलचक संदेश फिरू लागले, की ही कविता आईच्या मृत्यूची आहे आणि ‘खरा अर्थ’ तुम्हाला कुणी सांगितलाच नाही. हा संदेश तुझ्याकडेही आला असणार. तो व्यासपीठावरून जसाच्या तसा वाचू नकोस. आई हा ग्रेस यांच्या लेखनाचा फार खोलवरचा विषय आहे, हे त्यांचे वाचक जाणतात, आणि इथे तर त्या अर्थाला कवितेच्या शब्दांतच आधार आहे. गेलेली ती आई होती, हे कवीने कवितेतच लिहिलं आहे.  ते शब्द आपण पुसायचे नाहीत. तरी सभागृहात कुणाची आई गेलेली असेल, कुणाची मैत्रीण, कुणाची मुलगी परदेशी गेलेली असेल. प्रत्येकाला त्या पावसात जागा मिळावी. तू एवढंच सांग की ही निरोपाची कविता आहे, जाणारी आई आहे हे कवितेतच आहे, आणि चित्रपटामुळे लोक तिच्यात प्रेयसीही पाहतात. ग्रेस दुर्बोध आहेत म्हणून माफी मागितल्यासारखं तर मुळीच बोलू नकोस.

‘खरा अर्थ वेगळाच आहे’ असं सुरू होणाऱ्या प्रत्येक किश्शाकडे संशयाने पाहा. किस्सा गोड असतो, टाळ्या मिळतात आणि गाणं विसरलं जातं. कवीने स्वतः लिहून ठेवलं असेल, छापील मुलाखतीत सांगितलं असेल, तरच तो माहिती म्हणून सांग. बाकीचे सोडून दे. त्यांच्यावाचून कुठलंच चांगलं गाणं अडत नाही.

तरुण मंडळींनी ‘सैराट’मधल्या ‘झिंगाट’चा हट्ट धरला आहे आणि तुला ते या यादीत बसेल का अशी शंका आहे. खुशाल बसव, आणि त्याला कमी लेखून बोलू नकोस. वरातीत ते नुसतं नाचायचं गाणं आहे आणि त्यात वावगं काही नाही. पण नागराज मंजुळे यांच्या २०१६ च्या त्या चित्रपटात ते ज्या मुलाच्या मनातून फुटतं, त्याच्या प्रेमाचा शेवट जातीच्या नावाखाली झालेल्या खुनात होतो. चित्रपट पाहिलेल्या माणसाला त्या बेभानपणात पुढचं सगळं जाणवतं. हे दोन वाक्यांत सांग आणि लोकांना नाचू दे. सोयराबाई आणि ‘सैराट’ एकाच संध्याकाळी का ऐकायचे, हेही मग कुणाला समजावून सांगावं लागणार नाही.

आता काम कसं करायचं ते सांगते. गाण्याचे शब्द कवीच्या छापील संग्रहातून घे आणि स्वतःच्या हाताने उतरवून काढ. इंटरनेटवरच्या पाठात कडवी गळलेली, शब्द बदललेले असतात, आणि चुकीच्या शब्दावर बांधलेला अर्थ कितीही सुंदर असला तरी फुकट. कविता आणि गाणं यांत किती कडवी कमी-जास्त आहेत ते टिपून ठेव. मग तालमीला जाऊन बस. चाल बांधणाराही अर्थ लावतच असतो. कुठली ओळ तो पुन्हा घेतो, कुठे थांबतो, कुठे स्वर चढवतो, हे ऐकलंस तर नुसत्या वाचनात न दिसलेलं बरंच दिसेल. प्रत्येक गाण्यासाठी कागदावर चार ओळी लिही: बोलतंय कोण, कुणाशी, केव्हा आणि शेवटी गाणं कुठे पोचतं. त्यातली जी गोष्ट लोकांना ठाऊक नसेल तेवढीच एक बोल. चारही बोललीस तर लोक गाण्याची वाट पाहत कंटाळतील. गाण्यातली ओळ आधी बोलून दाखवू नकोस, ती गायकाची आहे. आणि ‘कवीला असं म्हणायचं आहे’ हे वाक्य टाळ. ‘या गाण्यात असं आहे’ असं म्हण. पहिल्यात तू कवीच्या मनाची ग्वाही देतेस, ती देण्याचा अधिकार कुणालाच नाही. दुसरं वाक्य श्रोता शब्द ऐकून तपासून पाहू शकतो.

कार्यक्रमानंतर कुणी आजोबा येऊन म्हणतील की या गाण्याचा अर्थ आम्ही वेगळा समजत होतो. त्यांच्याशी वाद घालू नकोस, पण आपलं म्हणणं सोडूही नकोस. कुठल्या कडव्यावरून त्यांना तसं वाटतं ते विचार आणि ते कडवं दोघं मिळून वाचा. त्यांचा आधार भक्कम निघाला तर पुढच्या वेळी तोही अर्थ सांग.

सगळी गाणी शेवटच्या चरणापर्यंत वाचून झाली, की मगच निवेदन लिहायला बस. लिहून झालं की मला पाठव, मी वाचून कळवीन. दादा-वहिनींना नमस्कार.

तुझी,
आत्या